मांडवातलं मांडवात

मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला टाकली तेव्हा तळाला एक ओळ घालायला मीच सांगितलं होतं: कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आमचा आहेर. छापखान्यातल्या पोरानं माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती टाईप केली. वरच्या गणपतीसारखी ती ओळही त्याच्याकडे तयारच असते. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, लोकांच्या खिशाला चाट नको. मी मोठं मन दाखवतोय असं मला खरोखरच वाटत होतं.

लग्नादिवशी सकाळच्या एसटीनं रेणावीपलीकडच्या एका गावातून एक म्हातारा आला. पांढरा नेहरू शर्ट, धोतर, हातात कापडी पिशवी. माझ्या वडिलांच्या कालिकतच्या दुकानात पोरगेला असताना ते काम शिकले होते; वडील गेल्यापासून आमचं फारसं येणं-जाणं नव्हतं. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. कार्यालयाच्या दारात त्यांनी विचारलं, "आहेर कुठं लिवत्यात?" तिथं उभ्या असलेल्या माझ्या मेहुण्यानं हात जोडून सांगितलं, आप्पा, आहेर घ्यायचा नाही ठरलंय, तुम्ही आलात यातच सगळं आलं. आप्पांनी पिशवीतून पाकीट काढलं, मेहुण्यानं ते परत त्यांच्या हातात दिलं. दोन-तीनदा असं झालं. मग आप्पा म्हणाले, "आवं, मग आमचं फिटायचं कवा?" मेहुणा हसला. मीही मांडवातून ते ऐकलं आणि हसलो. अक्षता पडल्यावर आप्पा जेवायला थांबले नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला बराच वेळ लागला. आता मला वाटतं, त्या दिवशी आम्ही एका माणसाला दारातून परत पाठवलं, आणि तेही हात जोडून.

आहेर म्हणजे भेट नव्हे, हे आधी मान्य करायला हवं. वाढदिवसाला देतात ती भेट. आहेर हे बिनव्याजी, बिनमुदतीचं कर्ज आहे. पाच-पन्नास घरं मिळून एका घराचा मांडव उभा करतात आणि आपली पाळी येईल तेव्हा ते घर त्यांच्याकडे जातं. आमच्याकडे मांडवाच्या तोंडाशी एक टेबल असे, त्यावर लांबट वही, एकजण पैसे मोजून घेणारा, दुसरा लिहिणारा. लिहिणारा शक्यतो शिक्षक, अक्षर चांगलं म्हणून. हिशोब असा की आलेलं आपल्या वहीत आणि दिलेलं दुसऱ्याच्या. तुमचं देणं तुमच्या कपाटात असतं. तुमचं येणं गावभर लोकांच्या कपाटांत विखुरलेलं असतं, आणि तुम्हाला ते कुठं, किती, हे पुरतं ठाऊकही नसतं. सावकाराच्या वहीत आणि या वहीत हाच फरक. सावकार आपलं येणं लिहून ठेवतो, इथं जो तो आपलं देणं लिहून ठेवतो. ही वही विसरायची सोय नको म्हणून असते; वसुलीचा तिच्याशी संबंध नाही.

आमच्या विट्यासारख्या गावाला या वहीची गरज जरा जास्तच होती. सांगली जिल्ह्याच्या या खानापूर तालुक्यात पाऊस बेताचा, जमीन हलकी. टेंभू योजनेचं पाणी अलीकडचं. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांत इथल्या आणि आटपाडीच्या माणसांनी गलाईचं काम धरलं: जुन्या दागिन्यांतली भेसळ तेजाबानं आणि भट्टीनं काढून चोख सोनं-चांदी हातात द्यायची. या एका कामावर केरळपासून बंगालपर्यंत बाजारपेठांच्या गल्ल्यांत आमच्या माणसांची दुकानं उभी राहिली. वर्षाचे दहा महिने माणूस परमुलखात, मूस आणि भट्टीपुढं. गावाला यायचं ते लग्नसराईत, आणि जमलं तर दसऱ्याच्या पालख्यांच्या शर्यतीला. अशा माणसाला मांडवाचे खांब रोवता येत नाहीत, पंगतीत वाढता येत नाही, भावकीतल्या भांडणात मधे पडता येत नाही. त्याच्या नावचे अकरा रुपये मात्र धाकटा भाऊ टेबलावर ठेवू शकतो. लिहिणारा विचारतो, कुणाचे? भाऊ मोठ्याचं नाव सांगतो. कोइमतूरमधे बसलेला माणूस त्या क्षणी विट्याच्या मांडवात हजर असतो. शाळेत असतो तसा गावचा हजेरीपट असता, तर तो याहून वेगळा दिसला नसता.

या हिशोबाला बारकावे होते आणि ते कुणी शिकवत नसे. जितका आला तितकाच परत करायचा नाही. तसं केलं तर खातं मिटवलं असा अर्थ होतो आणि भाऊबंद दुखावतात. थोडं वर टाकायचं, म्हणजे आता त्यांच्याकडे आपलं काहीतरी राहिलं. एकशे एक, पाचशे एक यातल्या वरच्या रुपयाला शुभ म्हणतात. माझी आई त्याचं कारण वेगळं सांगायची: तो रुपया पुढच्या वेळची आठवण. आता पाकिटावर तो रुपया आधीच चिकटवून मिळतो, हे तिला आवडलं नसतं. आणखी एक. कागदावर अकरा ते अकराच राहिले तरी माणसं महागाई धरून चालत. परवा पुतण्यानं मोबाईलवर हिशोब केला: १९७४च्या सुमारास दहा ग्रॅम सोनं पाचशेच्या आसपास होतं, म्हणजे अकरा रुपयांना पाव ग्रॅमला जरा कमी. तेवढंच सोनं आज घ्यायचं तर, दहा ग्रॅमचा लाख धरला तरी, दोन हजार दोनशे लागतील. गलाईवाल्याच्या घरात असं गणित आपोआप होतं. पण आप्पांच्या पाकिटात दोन हजार दोनशे नव्हते, पन्नास होते, आणि ते कमी आहेत असं त्या टेबलाशी कुणी म्हणालं नसतं. ऐपत बघून आकडा ठरे. ज्याचं घर पडलंय त्याचे पाच आणि ज्यानं नवं दुकान टाकलंय त्याचे पाचशे, दोन्ही एकाच शाईनं लिहिले जात.

मदुराईकडे दुकान असलेला माझा एक चुलतभाऊ तिथल्या 'मोय'बद्दल सांगतो. तमिळनाडूत लग्नाकार्यात द्यायच्या पैशाला मोय म्हणतात, आणि पुदुकोट्टई-तंजावर भागात तर लग्नही नसताना केवळ मोय गोळा करण्यासाठी जेवणावळी घालतात. टेबलावर संगणक, छापील पावती, रक्कम लाखांत. जमलेल्या पैशातून माणूस विहीर खणतो, दुकान टाकतो, आणि पुढची काही वर्षं इतरांच्या जेवणावळींना जाऊन फेडत राहतो. चुलतभावाला हे फार व्यवहारी वाटतं. मला ते आपल्यापेक्षा प्रामाणिक वाटतं. ते कर्जाला कर्ज म्हणतात. आपण आधी त्याला प्रेम म्हटलं आणि मग एक दिवस, प्रेमाला पैसे कशाला, असं म्हणून बंद केलं.

आता कुणी म्हणेल, साधं लग्न हा तर आपल्याच मुलखाचा वारसा आहे. आहेच. पहिला सत्यशोधक विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी लागला, भटजीशिवाय, फार थोड्या खर्चात. आणि १९४३ ते ४६ या प्रतिसरकारच्या काळात साताऱ्या-सांगलीच्या याच गावांतून गांधी लग्नं लागली. हुंडा नाही, मानपान नाही, बँड नाही, हार घालायचे आणि मोकळं व्हायचं. ती पिढी कर्जबाजारी बापाला सोडवू पाहत होती, म्हणून तिनं कुऱ्हाड वरच्या फांदीवर घातली. आमच्या पत्रिकेनं काय तोडलं? हॉल तसाच, केटरर तसाच, ड्रोनवाला तसाच. व्याह्यांचा मान तसाच, त्यांच्या बारा माणसांचे पोशाख तसेच. जावयाला दिलेली अंगठी आणि चेन तशीच. वगळले ते फक्त आप्पांचे पन्नास. वरून खाली उतरत गेलेल्या देण्याघेण्याच्या जिन्याची एकच पायरी आम्ही काढली, सगळ्यात खालची. आणि तिला साधेपणा म्हणालो.

एक कायदा या बाबतीत फार मजेशीर आहे. १९६१च्या हुंडाबंदी कायद्यानं हुंडा गुन्हा ठरवला, पण कुणी न मागता दिलेल्या भेटींना मोकळीक ठेवली. पुढं अट आली की त्यांची यादी करायची. त्या याद्या कशा ठेवायच्या याचे नियम १९८५ साली आले: वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर नातं, खाली वधू-वरांच्या सह्या. म्हणजे सरकारनंही शेवटी आहेराची वहीच मागितली. मी आजवर जितकी लग्नं पाहिली त्यात अशी यादी कुणी केलेली मला आढळली नाही, माझ्या घरीही झाली नाही. मी कॉलेजात शिकवलेल्या एका वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, सर, ती यादी लोकांना आठवते घटस्फोटाच्या वेळी. शेजाऱ्याचे एकशे एक रुपये आम्ही तारीखवार लिहून ठेवत आलो, आणि मांडवाबाहेर फुलांचा हार घालून उभी केलेली मोटार कुठल्याच वहीत नाही. ती पत्रिकेतल्या ओळीतही बसत नाही. 'आहेर आणू नये' ही विनंती मोटार आणणाऱ्याला उद्देशून नसतेच.

मात्र जुन्या वहीची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. वडिलांनी जपलेल्या चार वह्या मी नीट वाचल्या. त्यांत काय आहे यापेक्षा कोण नाही हे जास्त बोलकं आहे. लग्नात हलगी वाजवणारे होते, मांडवाला डहाळे आणणारे होते, भांडी घासणाऱ्या बायका होत्या. त्यातल्या कुणाचं नाव नाही. त्यांना काही मिळालं नाही असं नव्हे. धान्य मिळे, धोतर मिळे, उरलंसुरलं अन्न मिळे. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५च्या 'गावगाड्या'त अशा हक्कांची लांबलचक जंत्री सापडते. पण ते सगळे घेणाऱ्यांच्या बाजूला होते. टेबलाशी येऊन एक रुपया टाकावा आणि तो आपल्या नावानं लिहिला जावा, ही सोय त्यांना नव्हती. जात माणसाला उपाशी ठेवते तेव्हा ती लगेच दिसते. जात माणसाचं देणं नाकारते तेव्हा मात्र ती रीत म्हणून चालून जाते. कुणाकडून घ्यायचं नाही हे ठरवणं म्हणजेच तो आपल्या बरोबरीचा नाही हे ठरवणं. माझ्या गळ्याशी आलेली गोष्ट ही, की माझ्या पत्रिकेनं गावकुसाबाहेरच्या त्या रांगेत आता सरसकट सगळ्यांनाच उभं केलं.

बायकांचं पाहिलं तर वहीत बाईचं नाव क्वचित. एका चुलतीचा नवरा १९६८ साली गेला. त्यानंतरच्या नोंदी तिच्या सात वर्षांच्या मुलाच्या नावावर आहेत. पैसे तिच्या शेळ्यांचे, नाव पोराचं. बायकांची वही अर्थात वेगळी होती आणि ती डोक्यात होती. कुणी कुणाला कसला खण दिला, कुणाची साडी अंगावर नेसायची होती आणि कुणाची नुसती फिरवायची, हे माझी आई चाळीस वर्षं मागचं सांगे. आमच्या पेठेतल्या साड्यांच्या दुकानात गेलात तर माणूस पहिलं विचारतो, नेसायची दाखवू का देण्याघेण्याची? देण्याघेण्याची साडी घडी न मोडता पाच-सहा लग्नं बघते. टॉवेल-टोपीचं तेच. एकदा आमच्याच घरातून गेलेली टोपी तीन वर्षांनी आमच्याच घरी परत आली, आतल्या कागदी चिठ्ठीसकट. लोक याला हसतात. नोटही अशीच फिरते, तिला कुणी हसत नाही.

आणि भोंगा. आहेराचा जो पुकारा व्हायचा, अमुक अमुक यांच्याकडून पाचशे एक, तो सगळ्यात वाईट होता. आकडा ओठावर आला की माणूस लहान-मोठा होतो. गलाईत पैसा आला तसे आकडे चढले, आणि ज्याला पुकाऱ्यात एक्कावन्न ऐकवायची लाज वाटू लागली तो लग्नाला येईनासा झाला. पत्रिकेवरच्या त्या ओळीमागं हीही भावना होती, ती खोटी म्हणता येणार नाही. पण भोंगा बंद करता आला असता. आकडा सगळ्यांना एकच ठरवता आला असता. आसपासच्या एक-दोन भावक्यांनी तसं केलंय, शंभराच्या वर कुणाचे घ्यायचे नाहीत आणि शंभर कुणाचे नाकारायचे नाहीत. कमी देणाऱ्याची लाज वाचवायची म्हणून त्याचं देणंच बंद करणं हे, पायात बूट नाहीत म्हणून पोराला शाळेतूनच काढण्यासारखं झालं.

एक आक्षेप मात्र मला अडवतो. घेणं म्हणजे बांधलं जाणं. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला हा गुंता नको आहे. ती म्हणते, बाबा, तुमच्या या वहीत मला न विचारता माझं नाव लिहिलं गेलंय. मी कधी न पाहिलेल्या माणसांच्या लग्नांना मी का जायचं? तिचं चूक नाही. गावात बांधिलकी म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे पहारा, आणि पहाऱ्याचा सगळ्यात जास्त त्रास मुलींना. परजातीत लग्न केलेल्या पोरीच्या बापाला मांडवाशी आहेर टाकायला वाव राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वही माणसाला धरून ठेवते, तशी ती त्याला बाहेरही फेकते. म्हणून मी तिला जा म्हणत नाही. एवढंच विचारतो, की तुझ्या मजल्यावरच्या चार दारांपैकी कुठल्या दाराशी तुझं काही देणं आहे? ती म्हणाली, मेंटेनन्स. हे ती चेष्टेनं म्हणाली का, मला नक्की कळलं नाही.

मयताच्या घरी हा प्रश्न अजून आलेला नाही. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, शेजारची आणि सोयऱ्यांची घरं पिठलं-भाकरी पोचवतात, कडू घास म्हणून. पुढं दुखवट्याचे कपडे येतात. तिथं कुणी हात जोडून म्हणत नाही, की आणू नका, आपली उपस्थिती पुरे. २०२१च्या एप्रिलात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम झाला तेव्हा आम्ही लग्नं पंचवीसात उरकली, कुणाचं फारसं अडलं नाही. त्याच महिन्यात शेजारच्या गल्लीत बाधित घराच्या उंबऱ्याबाहेर स्टुलावर डबा ठेवून बायका दहा पावलं मागं सरकायच्या आणि हाक मारायच्या. डबा घासून परत येत नसे, भीतीपोटी. त्या घरातली सून पुढच्या दिवाळीत सगळ्यांचे डबे घेऊन दारोदार फिरली, प्रत्येकात चार चार करंज्या घालून. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाला केटरर मिळाला म्हणून आपल्याला माणसं नको झाली. कडू घासाचं कंत्राट घेणारा अजून भेटलेला नाही, इतकंच.

मागच्या श्रावणात रेणावीला रेवणसिद्धाच्या दर्शनाला गेलो, तिथून पुढं आप्पांच्या गावी. उन्हाळ्यात त्यांच्या नातीचं लग्न झालं होतं. आम्हाला पत्रिका नव्हती आली. आप्पा ओसरीवर बसले होते. राग वगैरे काही दाखवला नाही, चहा झाला, कालिकतच्या दुकानाच्या गोष्टी निघाल्या, भट्टीपुढं माझ्या वडिलांनी त्यांच्या कानाखाली मारली होती ती पण निघाली. मग मी विचारलं, ते आमचं फिटायचं म्हणालात, ते काय? त्यांनी सुनेला हाक मारली. तिनं लोखंडी पेटीतून फडक्यात बांधलेली वही आणली. १९७४. पानाच्या मध्यावर माझ्या वडिलांचं नाव, पुढं अकरा रुपये, आणि त्यापुढं कंसात 'दुकान'. इतर नावांपुढं गावांची नावं होती. पन्नास वर्षं हे पान त्या पेटीत होतं आणि आमच्या घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

मी म्हणालो, आप्पा, चूक झाली, ते पाकीट आता द्या. मी घेतो.

"आता न्हाई," आप्पा म्हणाले. "मांडवातलं मांडवात. तुमच्यात फुडलं लगीन कवा?"

पुतण्या सव्वीसचा आहे, पोरगी बघतोय, असं सांगितलं. आप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं, वही फडक्यात बांधली आणि सुनेला म्हणाले, आत ठेव, पण वरच ठेव.